लुक्षा ओरेबचा तिसरा हंगाम

लुक्षा ओरेब आमच्या क्लबात आला त्या दिवशी मी त्याला स्वयंपाकघरातून हाकलायच्याच बेतात होते. हातातली बॅग त्याने दाराशी टेकवली, ना नमस्कार ना चमत्कार, सरळ शेगडीपाशी आला, माझ्या पातेल्यात पावाचा तुकडा बुडवून चाखला आणि म्हणाला, "व्हिनेगर विसरलीस."

स्पिअरवुडच्या या फुटबॉल क्लबात मी एकोणतीस वर्षं माशाचं कालवण रांधतेय. माझ्या पातेल्यात बोट घालायची हिंमत माझ्या नवऱ्यानेसुद्धा कधी केली नव्हती, बिचारा जाईपर्यंत.

"कोण तुम्ही?" मी विचारलं.

"नवा प्रशिक्षक."

"मग मैदानात जा. इथे माझा संघ खेळतो."

तो हसला आणि गेला. मला खरा राग आला तो याचा, की व्हिनेगर मी खरंच विसरले होते.

तो आमच्याच बेटाचा, व्हेला लुका गावचा. मी नऊ वर्षांची असताना वडील आम्हाला घेऊन तिथून निघाले आणि अर्ध्या जगापलीकडे, इथल्या वाळूत फ्लॉवर आणि टोमॅटो पिकवायला लागले. आजूबाजूचे सगळे असेच आलेले. आमच्या वडिलांच्या पिढीने रविवारी विटा वाहून हा क्लब उभा केला आणि गावाकडच्या बोचऱ्या वाऱ्याचं नाव त्याला दिलं, 'बुरा'. लुक्षा मात्र आमच्यासारखा एका जागी रुजला नाही. दर्यावर फिरलेल्या वडीलधाऱ्याला आमच्याकडे 'बार्बा' म्हणतात. लुक्षाने आयुष्यात एक होडीसुद्धा वल्हवली नव्हती, तरी आठवड्याभरात सगळे त्याला बार्बाच म्हणायला लागले.

फिरला होता तेवढा. सतरा क्लब, अकरा देश. गुरुवारी सराव संपला की तो माझ्या ओट्याशी लसूण सोलत बसायचा आणि एकेक देश सोलून काढायचा. खेळाडू म्हणून बेताचाच होता. सव्विसाव्या वर्षी गुडघा गेला आणि गळ्यात शिट्टी आली. मग लिबिया. मग घाना, तिथे पोरं त्याला आजोबा म्हणायची, कारण अडतिसाव्या वर्षीच डोक्यावर एक केस उरला नव्हता. मग कुवेत. बांगलादेशात भात-माशावर असा जीव जडला की निघताना ढसाढसा रडला म्हणे. आणि शेवटी फिजी.

"तिथून का काढलं?"

"अध्यक्षांचा मेव्हणा गोलकीपर होता. मेव्हण्याला मी बाकावर बसवलं, अध्यक्षांनी मला विमानात बसवलं."

"आणि लग्न वगैरे?"

"केलं होतं की. तेही दुसऱ्या हंगामापर्यंतच टिकलं."

हे तो हसत सांगायचा, पण त्यातली मेख मला हळूहळू कळली. सतरा क्लबांत मिळून या माणसाने तिसरा हंगाम एकदाही पाहिला नव्हता. कुठे आठ महिने, कुठे वर्ष, फार तर दोन. स्वतःहून कधीच निघाला नव्हता. दर वेळी कोणीतरी गाशा गुंडाळायला लावला होता.

अकरा देशांत भाषा कुठून येणार? मग त्याने एक युक्ती काढली होती आणि ती आमच्या पत्त्यांच्या डावातून उचलली होती. त्रेशेता आमच्याकडे दुधाच्या दातांपासून खेळतात. चौघांचा डाव, समोरासमोर जोडीदार. तिर्री सगळ्यात मोठी, ती राजालाही खाते; तिच्याखाली दुर्री, मग एक्का. खेळताना बोलायचं नाही, पण खुणा चालतात. पान टाकताना टेबलावर मूठ आपटली की जोडीदाराने हातातलं सर्वांत मोठं पान काढायचं. पान टेबलावरून घासत टाकलं की याचा अर्थ, माझ्याकडे अजून आहेत, धीर धर. लुक्षाने हेच मैदानावर नेलं. राखीव खेळाडूंच्या बाकामागे पत्र्याची भिंत असते. तिच्यावर मूठ आपटली की सगळे पुढे धावणार, असेल नसेल ते पणाला लावणार. तळवा घासला की चेंडू पायाशी ठेवायचा, घाई करायची नाही.

आमच्या संघात आता आमची तीनच पोरं. बाकी कोणी सुदानचं, कोणी व्हिएतनामचं, दोघं ब्राझीलचे. लुक्षाने सगळ्यांना माझ्या टेबलाशी बसवून त्रेशेता शिकवली. आमचा कप्तान मयोम, सहा फूट चार इंच, दक्षिण सुदानचा, दोन महिन्यांत असा खेळायला लागला की म्हाताऱ्या तोंचीलाही घाम फुटायचा. तोंची आमच्या क्लबातला पत्त्यांचा बादशहा. चाळीस वर्षांत एकदाही 'माझं चुकलं' म्हणालेला नाही. त्याचा जोडीदार येर्को, म्हणजे आमचे अध्यक्ष. दोघं तीस वर्षं समोरासमोर बसून एकमेकांना शिव्या देतात.

पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्यात पोरं जखमी झाली, दोन सामने पंचाने घालवले, बाकीचे आम्ही स्वतः घालवले. सप्टेंबर उजाडला तेव्हा आम्ही तळापासून दुसरे. शेवटचा सामना घरच्या मैदानावर, निदान बरोबरी हवी. हरलो तर खालच्या गटात घसरण. येर्कोने समितीत सांगून टाकलं, "खाली गेलो तर बार्बालाही निरोप. मला वाईट वाटतंय, पण लोकांना काय तोंड दाखवू?"

सामन्याच्या आदल्या गुरुवारी लुक्षा लसूण सोलायला आला, पण सोलेना. नुसताच बसला.

"सॉलोमन बेटांवरून फोन आला होता," तो म्हणाला. "तिथे प्रशिक्षक हवाय."

"मग? एकोणिसावा क्लब, तेरावा देश. यादी वाढेल."

"पेरिना, मी सत्तर वर्षांचा झालो. मला आता कुठेही जायचं नाही. मला इथे राहायचंय."

इतकं साधं बोलणं मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "मग बरोबरी करा ना, बार्बा. एवढंच तर करायचंय." आणि पाठ फिरवून उगाच नळ सोडला, कारण डोळे भरून आले होते आणि ते त्याला दाखवायचे नव्हते.

आता पुढचं सांगते. ते माझ्याच हातून झालं.

आमच्या म्हाताऱ्यांची एक खोड आहे. महत्त्वाचा सामना असला की शेवटची वीस मिनिटं त्यांना बघवत नाहीत. छातीत धडधडतं म्हणतात. मग ते क्लबाच्या ओसरीवर, द्राक्षाच्या मांडवाखाली, मैदानाकडे पाठ करून त्रेशेता मांडतात आणि लोकांच्या ओरडण्यावरून काय चाललंय ते ओळखतात. त्या रविवारी ओसरी मला हवी होती. साडेतीनशे माणसं यायची होती, सार्डिन भाजायची शेगडी दुसरीकडे कुठे मांडणार? सकाळी मीच त्यांचं टेबल उचलायला लावलं. सावली आणि आडोसा शोधला, आणि ठेवलं कुठे? राखीव खेळाडूंच्या बाकामागे, पत्र्याच्या भिंतीला अगदी टेकवून. मला वाटलं, काय छान जागा काढली मी.

सामना एक-एक असा चालला होता. ऐंशी मिनिटं झाली. लुक्षा पत्र्यावर तळवा घासत उभा होता. घासतोय, घासतोय. धीर धरा. पोरं शहाण्यासारखी चेंडू इकडून तिकडे फिरवत होती. मी हातात चिमटा घेऊन शेगडीपाशी उभी, सार्डिन करपतायत त्याचं भान नाही. दहा मिनिटं. फक्त दहा.

आणि धाडकन मूठ आपटली.

पत्रा असा वाजला की माझ्या हातातला चिमटा पडला. पोरांनी ऐकलं मात्र, सगळीच्या सगळी पुढे धावली. मयोम धावला, बचावातले दोघं धावले, मागे रिकामं मैदान. समोरच्यांनी चेंडू हिसकावला, लांब मारला, त्यांचा एक पोरगा एकटाच पळत गेला आणि आमच्या गोलकीपरच्या डोळ्यांदेखत गोल करून आला.

लुक्षाने मूठ आपटलीच नव्हती. त्याचा तळवा अजून पत्र्यावर सपाट होता.

तो हळूच वळला आणि भिंतीमागे डोकावला. मीही धावत गेले होते. तोंची टेबलावर मूठ ठेवून बसला होता, हातात पानं पंख्यासारखी धरलेली, चेहरा पांढराफटक. लुक्षाने त्याच्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता फुटेल, असं मला वाटलं. तो एवढंच म्हणाला, "पानं बरी आलेली दिसतायत, तोंची." आणि परत सामन्याकडे वळला.

उरलेल्या मिनिटांत पोरांनी जीव तोडला. एकदा चेंडू खांबाला लागून परत आला. पण गोल झाला नाही. दोन-एक. आम्ही खाली गेलो.

तासाभराने समिती जेवणघरात बसली. येर्को लालबुंद. "दहा मिनिटं राहिली असताना सगळ्यांना पुढे पाठवलं? दहा मिनिटं! का, बार्बा? सांगा मला, का?"

"खुणा माझ्या," लुक्षा म्हणाला. "त्यामुळे चूकही माझी."

बस्स. कोणाचं नाव नाही, सबब नाही. त्याने टेबलावरची टोपी उचललीसुद्धा. सतरा वेळा सराव झालेला माणूस, निघायचं कसं हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. मला एकदम दिसलं की सगळीकडे हा असाच उठला असणार, दुसऱ्याची चूक खिशात घालून. आणि मला असा संताप आला! त्याचा, येर्कोचा, सगळ्यात जास्त स्वतःचा.

"खाली बसा, बार्बा," मी ओरडले. "खाली बसा म्हणतेय ना! टेबल मी हलवलं."

"कसलं टेबल?" येर्को म्हणाला.

"पत्त्यांचं! पत्र्याला टेकवून मी ठेवलं. मूठ यांनी नाही आपटली. आता मेल्यांनो, बाकीचं कोण बोलणार?"

कोपऱ्यात तोंची बुटांकडे बघत होता. मग चाळीस वर्षांत जे कोणी ऐकलं नव्हतं ते आम्ही ऐकलं.

"मूठ मी आपटली," तोंची म्हणाला. "चुकलं माझं." आणि लगेच मान वर करून, "पण पानंच तशी आली होती रे! दुर्री, एक्का, दोन्ही माझ्याकडे!"

"आणि तिर्री?" मी विचारलं. "तोंचीने मूठ आपटल्यावर तिर्री कोणी टाकली? त्याच्यासमोर कोण बसलं होतं, येर्को?"

येर्कोचा लाल चेहरा जांभळा झाला. क्लबाचे अध्यक्ष, संघ बुडत असताना मैदानाकडे पाठ करून त्रेशेता खेळत होते. मूठ ऐकून जोडीदाराला इमानदारीत तिर्री काढून दिली होती. "छातीत धडधडत होतं गं," तो पुटपुटला.

पहिल्यांदा तोंची हसला. मग कोषाध्यक्ष, मग सगळेच, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खाली घसरलेल्या क्लबाची समिती इतकी कुठे हसली नसेल. दाराशी मयोम उभा होता, कधी आला कोणास ठाऊक. "कोच राहणार असतील तर आम्ही सगळे राहतोय," त्याने सांगितलं. "खालच्या गटात तर खालच्या गटात." येर्कोने घसा खाकरला, हात वर करा म्हणाला, आणि पहिला हात स्वतःचाच वर केला.

लुक्षा खाली बसला तो बसलाच. टोपी मांडीवर ठेवून नुसता तिच्याकडे बघत राहिला.

मार्चमध्ये नवा हंगाम सुरू झाला. म्हाताऱ्यांचं टेबल मी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलंय आणि त्यावर जाड घोंगडी शिवून बसवलीय. तोंची म्हणतो, मूठ आपटण्यात आता मजाच उरली नाही. पहिला सामना आम्ही तीन-शून्य जिंकलो. पोरं गाणी म्हणत जेवून गेली, ओट्यावर ताटांचा ढीग. लुक्षा आत आला आणि दारातच अवघडून उभा राहिला, पहिल्या दिवशीसारखा बेधडक नाही.

"पेरिना, एक विचारू? पहिल्या वर्षी काय करायचं ते मला माहितीय. दुसऱ्या वर्षीचंही माहितीय. तिसऱ्या वर्षी काय करतात?"

मी त्याच्याकडे पाहिलं. थट्टा करत नव्हता. सत्तर वर्षांच्या माणसाला खरोखरच माहीत नव्हतं.

"तिसऱ्या वर्षी माणूस पाहुणा नसतो," मी म्हटलं. "भांडी पुसायला लागतात. तो टॉवेल घे."

त्याने बाह्या दुमडल्या आणि टॉवेल घेतला.