बद्द वाजलेला बोल्ट

मंडळी, आज रेल्वेपुलाच्या पोटात शिरले होते! गाडीचा भार पेलणारी पोलादी तुळई आतून पोकळ असते. तिथे वाकून एकेक बोल्ट हातोडीने वाजवून तपासायचा, हे माझं काम.

एका बोल्टवर मी खडूने 'ठीक' लिहिलं. टॉर्च धरलेले आमचे मदतनीस सुखदेवकाका म्हणाले, "म्याडम, हा बद्द वाजून राहिला."

पाना लावला. खरंच ढिला!

"काका, तुमाले कसं समजलं?"

"भंडाऱ्यात पितळेचे भांडे ठोकण्यात जिंदगी गेली जी. पाण्याचा गुंड घेताना तुमी वाजवून नाही पाहत काय?"

मी तर ऑनलाइन मागवते!

पुढचे बोल्ट मीच ठोकले, पण 'ठीक' मात्र काकांनी मान हलवल्यावरच लिहिलं.

तुमच्या घरी भांडं वाजवून घेणारं अजून कोण आहे?