बाल्कनीतून दिसणारा ध्रुव

आजोबा हल्ली जेवणानंतर बाल्कनीत का बसत नाहीत, असं तुम्ही नातवंडांनी विचारलंत. फोनवर ते शेजारीच होते, म्हणून टाळलं. आता लिहिते.

ध्रुव शोधायची त्यांची रीत सोपी होती. सप्तर्षींच्या चौकोनातले पुढचे दोन तारे जोडायचे आणि ती रेघ पाचपट पुढे न्यायची. तिथला एकटा, मंद तारा म्हणजे ध्रुव. इथे निगडीत तो फार वर नसतो. हात ताठ धरून क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी. तुमच्याकडे, तिकडे उत्तरेकडच्या देशात, चार-पाच मुठी तरी असेल.

चाकणच्या कंपनीत असताना रात्री आडरस्त्याला वाट चुकले, तर ते स्कूटर थांबवून आधी तो बघत. विसरण्याचा आजार सुरू झाला, तेव्हा हाच तारा पुन्हा कामी आला. जेवण झालं की ते चपला घालत आणि म्हणत, "चल, घरी जाऊ." मी त्यांना बाल्कनीत नेई.

"ही उत्तर. म्हणजे चाकण उजव्या हाताला," ते बोटाने दाखवत. "मग हे आपलंच घर की गं!"

आणि झोपत. गोळ्यांनी हे जमलं नव्हतं.

पुढे समोर टॉवर चढू लागला. उन्हाळ्यात ध्रुव त्याच्या मागे गेला. क्रेनच्या टोकाला पांढरा दिवा होता, तोच त्यांनी ध्रुव धरला. झोप लागत होती, म्हणून मीही काही बोलले नाही.

एकदा वळवाच्या आधी जोराचा वारा सुटला आणि क्रेन सावकाश फिरली. त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं.

"अगं, ध्रुव हलला!"

"अहो, तो क्रेनचा दिवा. ध्रुव त्या इमारतीमागे आहे."

"मला ध्रुव शिकवतेस? कुणाच्या घरात आणून ठेवलंयस मला?"

त्यांना खाली नेलं. कोपऱ्यावरून उत्तर मोकळी दिसते, पण सगळं आभाळ भरून आलं होतं. परतलो, तर ते दाराबाहेरच थांबले. माझ्याकडे बघून अदबीने म्हणाले, "बाई, रात्रीपुरतं राहू द्याल का?"

मी म्हटलं, "राहा ना."

आता रोज विचारतात, रोज मी हो म्हणते. मग ते पलंगाच्या कडेला चपलांसकट बसून राहतात. डोळा लागला की मी त्या हळूच काढते.