तामीन परत मागताना

माझा स्वभाव संशयी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. लग्नाआधी मी मुंबईत एका सॉलिसिटरकडे टायपिस्ट होते. माणसं एकमेकांना कशा टोप्या घालतात हे रोज दहा ते सहा टाइप केलं की कुणाच्या गोड बोलण्यावर चटकन विश्वास बसत नाही. यांचं अगदी उलट. कुणी पाठीवर हात ठेवला की हे विरघळलेच. घरात मला ‘फौजदार’ म्हणायचे, आणि कुवेतला आल्यावर माझ्या फौजदारीला बरकतच आली. टॅक्सीवाला लांबून नेतोय का, सोनाराने मजुरी दोनदा तर लावली नाही ना, कार्गोवाल्याने खोका उघडून पाहिला की काय, सगळीकडे माझं डोळ्यात तेल घालून लक्ष असे.

आम्ही बनेद अल-गारला राहत होतो. समुद्र चालत जाण्याइतका जवळ, पण आमच्या खिडकीतून दिसायचे ते समोरच्या इमारतीचे एसी. हे सुलैबियाला एका वर्कशॉपमध्ये फोरमन होते. शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करायचं काम. मी घरी मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची. आमची मुलगी तेव्हा शाळेत होती. मी मराठीत हाक मारली की ती आतून “कमिंग” म्हणायची आणि यायची मात्र नाही.

नव्वदचं दशक संपत आलं असताना यांनी डोंबिवलीच्या फ्लॅटसाठी कुवेतमधल्याच एका बँकेचं कर्ज काढलं. कर्ज जमवून देणारा बँकेचा माणूस आपलाच, ठाण्याचा. टाय लावून जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये हजर व्हायचा आणि तिथेच, उघड्या डब्यांच्या शेजारी, अरबी कागद पसरून सह्या घ्यायचा. पुढे शुक्रवारी आमच्याकडे जेवायलाही यायला लागला. पहिल्याच दिवशी म्हणाला, “वहिनी, अशी आमटी मी ठाण्यातसुद्धा खाल्ली नाही.” आमटी त्या दिवशी खारट झाली होती. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

हप्त्याबरोबर दर महिन्याला आणखी काही दिनार कापले जात. मी विचारलं, “हे कसले?”

“तामीन,” हे म्हणाले.

“कर्जाला कसली तामीन?”

“अगं, घराला असते तशी.”

तामीन हा शब्द आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा होता. जागा भाड्याने घेताना मालकाला तामीन द्यायची, विजेच्या मीटरसाठीही द्यायची, आणि जागा सोडताना ती परत मिळायची. आम्ही सालमियाची जागा सोडली तेव्हा तिथल्या हारिसने, म्हणजे इमारतीच्या इजिप्शियन राखणदाराने, भिंतीवरचा प्रत्येक खिळा बघून घेतला, तोंड वाकडं केलं, पण तामीन आणून हातात दिली. त्या मुलखात दिलेली आणि परत आलेली अशी तेवढीच एक गोष्ट मला माहीत होती. त्यामुळे त्या शब्दापाशी मी फार खोदून विचारलं नाही. उलट हिशेब बांधला, की कर्ज संपत आलं की तामीन मागायची, तिच्यातून शेवटचे हप्ते एकदम भरून टाकायचे आणि वर्षभर आधी डोंबिवलीला जाऊन राहायचं. फ्लॅटची किल्ली कपाटात होती. तिथल्या स्वयंपाकघरात कुठली बरणी कुठे ठेवायची हेसुद्धा माझं ठरलं होतं.

दोन-तीन वर्षं अशीच गेली. एके संध्याकाळी यांच्या वर्कशॉपमधला सुतार घरी आला. कुडाळकडचा, कंपनीच्या कॅम्पात एकटा राहणारा. त्याचं कर्ज नुकतंच फिटलं होतं. तो सोफ्यावर कधी टेकून बसायचा नाही, कडेलाच बसायचा, आणि त्या दिवशी तर तेवढाही बसेना.

“वयनी, बँकेत गेल्लंय तामीन मागूक. थयलो बाबा हसाक लागलो. म्हणता, ही ती तामीन न्हय, ही विम्याची. ही परत गावची नाय.”

“विमा? कसला विमा?”

“मी मेलंय नायतर नोकरी गेली तर कर्ज माफ, असो. माका कोणी सांगूक नाय, वयनी. तुमच्या त्या टायवाल्यान तामीन इतक्याच सांगल्यान.”

मी कपाळाला हात लावला. अरबीत अनामतही तामीन आणि विमाही तामीन. एक परत येते, दुसरी येत नाही. टायवाल्याने शब्द खरा वापरला होता आणि माणसं फसवली होती. आणि त्या शब्दावर मीसुद्धा गप्प बसले होते, याचा मला सगळ्यात जास्त संताप आला.

यांच्याकडे बघितलं तर हे चहात बिस्किट बुडवत होते. “जाऊ दे,” म्हणाले, “बँकांचं असंच असतं.” मला ते ‘जाऊ दे’ जरा जास्तच सहज वाटलं.

मी जाऊ दिलं नाही. शर्कमधल्या मुख्य शाखेत खेपा घातल्या. आधी म्हणाले विम्याच्या अटींची पुस्तिका अरबीतच आहे, मग म्हणाले इंग्रजीतली संपली, आणि मी खुर्चीवरून हलत नाही असं दिसल्यावर ती खणातून निघाली. घरी येऊन मी ती सॉलिसिटरच्या शिस्तीने वाचली. नोकरी गेली तर हप्ते माफ होते, पण करार संपला तर ती नोकरी गेली असं धरत नव्हते. वर्कशॉपमधल्या सगळ्यांचे करार वर्षावर्षाचे. पुढे बारीक अक्षरात असंही होतं, की कर्ज घेण्याआधीपासून काही आजार असेल आणि त्यातच माणूस गेला तर काहीही मिळणार नाही. आजार आहे का, हे डब्याशेजारी बसून कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. म्हणजे ज्यांना तो विमा उपयोगी पडणारच नव्हता अशांना शोधून शोधून विकला होता. मी तक्रार लिहिली, त्यात हे दोन्ही मुद्दे घातले, आणि वर्कशॉपमधल्या ज्यांनी ज्यांनी कर्ज घेतलं होतं त्या सगळ्यांच्या वतीने बँकेत नेऊन दिली.

तक्रारी बघणारी बाई कुवेती होती, तरुण, काळ्या अबायात, शांतपणे सगळं ऐकणारी. मला वाटलं, ही ऐकून घेणार आणि फाइल खाली सरकवणार. पण काही आठवड्यांनी तिचाच फोन आला. बँक चूक कबूल करत नव्हती, पण पैसे परत द्यायला तयार होती. ज्याने त्याने येऊन एवढंच लिहून द्यायचं, की हा विमा आहे असं मला सांगितलं नव्हतं. मग विमा रद्द आणि पैसे खात्यात. इतक्या सहज बँक पैसे सोडते म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं वाटून मी तो मसुदा उलटसुलट करून वाचला. काही सापडलं नाही, त्याचीही मला थोडी निराशा वाटली.

वर्कशॉपमधले सगळे जाऊन सही करून आले. सुतार पेढे घेऊन आला. राहिले फक्त हे.

आधी म्हणाले, सुट्टी मिळत नाही. सुट्टी मिळाली तर म्हणाले, पाय दुखतोय. मग म्हणाले, “त्या टायवाल्या पोराची नोकरी जाईल गं. इथे राहायचा इकामा रद्द झाला तर बिचारा कुठे जाईल?”

“सगळ्यांनी सह्या केल्यात. तुमच्या एका सहीने त्याचं काय व्हायचं राहिलंय?”

यावर हे पेपर वाचायला लागले. ताकास तूर लागू देईनात. मग मात्र माझ्या डोक्यात नको ते विचार यायला लागले. टायवाल्याबरोबर यांचं काही साटंलोटं आहे का? वर्कशॉपमधली गिऱ्हाइकं मिळवून द्यायचं कमिशन घेतलं का? की कर्ज मला सांगितलंय त्याहून मोठं आहे, आणि सहीच्या वेळी ते उघडं पडेल? संसारात पहिल्यांदा मी यांचे खिसे तपासले. बसचा पास, सुपारीची पुडी आणि माझीच वाण्याची यादी निघाली. त्यामुळे संशय कमी झाला नाही. खिसा इतका स्वच्छ ठेवणारा माणूस काहीतरी लपवतोच, असं मला वाटलं.

तक्रार गेल्यापासून टायवाल्याने आमच्याकडे जेवायला येणं बंद केलं होतं. पण शुक्रवारी सकाळी तो शर्कच्या मासळीबाजारात असतो हे मला ठाऊक होतं. मी तिथे गेले. तो जुबैदीच्या, म्हणजे आपल्या पापलेटाच्या ढिगापुढे उभा राहून घासाघीस करत होता. टाय नव्हता, त्यामुळे आधी ओळखूच आला नाही.

मी सरळच विचारलं, “यांना किती दिलेत?”

“काय किती, वहिनी?”

“कमिशन. हे सही करत नाहीत ते तुमच्यासाठीच ना?”

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “बाकीच्यांना मी नीट सांगितलं नाही, हे खरं. टार्गेट होतं डोक्यावर. पण साहेबांना माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“विमा आहे म्हणून. त्यांनीच मागितला. मला बाजूला घेऊन विचारलं, मी गेलो तर कर्ज बायकोच्या डोक्यावर येईल का? मी म्हटलं, विमा घेतलात तर नाही येणार. म्हणाले, मग घाल. आणि घरी विषय निघाला तर तामीनच म्हण.”

“खोटं बोलताय तुम्ही.”

“विचारा त्यांनाच.”

“आणि तब्येतीचं? ते विचारलंत?”

“ते कुणालाच विचारत नव्हतो, वहिनी.”

थापाड्या माणसाचं ते बोलणं, मी कशाला विश्वास ठेवू? दोन जुबैदी घेतले, टॅक्सीत बसले. टॅक्सीवाल्याने मुद्दाम समुद्रावरून लांबचा वळसा घेतला, ते मला दिसत होतं. मी काही बोलले नाही.

मासे साफ करायचं काम आमच्याकडे यांचं. हे लुंगी खोचून मोरीपाशी बसले, सुरीला पाणी लावलं. मी दारात उभी राहून म्हटलं, “तो भेटला होता.”

सुरी थांबली. यांनी मान वर केली नाही, पण चेहरा मला दिसला, आणि टायवाला आयुष्यात एकदा खरं बोलला हे मला कळलं.

“तुम्हाला काय झालंय?” मी विचारलं.

“काही नाही गं.”

“काय झालंय?”

मग हळूहळू निघालं. कर्ज घ्यायच्या आधी वर्कशॉपमध्ये छातीत दुखलं होतं. कंपनीच्या डॉक्टरने मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे सांगितलं, हृदयाची एक नळी अरुंद झालीये, गोळ्या घ्या, वजनं उचलू नका, पुढे-मागे ऑपरेशन लागेल.

“गोळ्या कुठे आहेत?”

“वर्कशॉपच्या लॉकरमध्ये. घरी आणल्या असत्या तर तुला तासाभरात सापडल्या असत्या.”

मला इतका राग आला की हातातली पिशवी मी ओट्यावर आपटली. इतकी वर्षं मी टॅक्सीवाल्यांवर पहारा ठेवत होते आणि घरातला माणूस छाती धरून रोज सुलैबियाला जात होता. रागाच्या मागून भीती आली, आणि मी मोरीच्या कट्ट्यावर बसले.

“तुला सांगितलं असतं तर तू मला इथे एक दिवस राहू दिलं नसतंस,” हे म्हणाले. “मग फ्लॅट कुठून झाला असता? हा विमा आहे म्हणून मला झोप लागते. काही झालंच तर घर तुझं राहील. उद्या मी सही केली की तो रद्द. म्हणून करत नव्हतो.”

कर्ज घेण्याआधीपासूनचा आजार. पुस्तिकेतलं ते वाक्य मी तक्रारीत स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं. ज्या विम्यावर हे निवांत झोपत होते तो यांच्यासाठी कोरा कागद होता. यांनाही तो विकला होता बाकी सगळ्यांसारखाच, फसवून. फरक इतकाच, की यांनी आपण होऊन मागून घेतला. आता सही केली तर निदान पैसे तरी परत येणार होते, वर्षभर आधी घरी जाता येणार होतं. मला फक्त आत जाऊन पुस्तिका आणायची होती आणि ते पान यांच्यापुढे धरायचं होतं.

मी उठलेसुद्धा. दारापर्यंत गेले.

“तू ते सगळं वाचलंस ना?” यांनी पाठीमागून विचारलं. “बारीक अक्षरातलं पण?”

“अक्षर न् अक्षर.”

“मग मला काही झालं तर मिळेल ना तुला?”

यांच्या हाताला खवले चिकटले होते. डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते.

“मिळेल,” मी म्हटलं.

“तू वाचलंयस म्हणजे प्रश्नच नाही,” हे म्हणाले, आणि मान खाली घालून जुबैदीचं पोट चिरायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी बँकेतल्या त्या बाईला कळवलं, की आमचं नाव काढा, आम्हाला विमा हवा आहे. तिने विचारलं, “मॅडम, तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का?” तिचा माझ्यावर विश्वास बसला नाही, आणि तिचं बरोबर होतं.

त्या उन्हाळ्यात मी यांना मुंबईला नेलं आणि नळी मोकळी करून आणली. घरी कायमचं जायला मात्र ठरवल्यापेक्षा एक वर्ष जास्त लागलं; दर महिन्याला ते दिनार कापले जातच राहिले. कर्ज फिटेपर्यंत हे ठणठणीत राहिले, त्यामुळे बँकेचं आणि माझं, दोघींचंही खोटं कधी उघडं पडलं नाही.