खांद्यावरची चार बोटं

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. एकाच घरात, मधल्या भिंतीच्या दोन बाजूंना नांदत होत्या. थोरली गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं करायच्या मशीनवर बसायची. नवरा शांत, आल्यावर बायकोच्या हातातली पिशवी आधी घेणारा. धाकटीचा नवरा फटकळ, आणि तीही काही कमी नव्हती. त्यांच्या घरात आठवडाभर भांडण झालं नाही, तर थोरली भिंतीला कान लावून खात्री करून घ्यायची की दोघं ठीक आहेत ना.

दोघे भाऊ रंगाच्या एकाच गोदामात माल चढवायच्या-उतरवायच्या कामाला होते. चोरी होते म्हणून मालक मागच्या दाराला बाहेरून कुलूप घालून ठेवायचा. एके दुपारी गोदाम पेटलं. धाकट्या भावाला पुढच्या बाजूने आधी बाहेर काढलं, पण तो गेला होता. थोरला संध्याकाळी सापडला, मागच्या दाराशी.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर धाकटी होती. फाटकासमोर गुडघ्यांवर, तोंड उघडं, दोन्ही हात पसरलेले. तिच्या डाव्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं दिसत होती. ती बोटं थोरलीची. बाकीची थोरली कापली गेली होती.

घरात आधी कुणाचं लक्ष फोटोकडे नव्हतं. पण पुढे माणसांची रीघ लागली. मोठमोठी माणसं चपला काढून आत यायची आणि विचारायची, "त्या ताई कुठे आहेत?" थोरली चहा ठेवायची. एकदा एका वार्ताहराने तिला सांगितलं, "मावशी, जरा बाजूला होता का, उजेड अडतोय." थोरली बाजूला झाली. मावशी म्हणण्याइतकी ती म्हातारी नव्हती, आणि नवरा तिचाही गेला होता.

त्या दिवसापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं, ते थांबलंच नाही. बाजारात भाजीवाली धाकटीला निवडून द्यायची आणि थोरलीला म्हणायची, "तुम्ही त्यांच्या कोण?" वर्षश्राद्धाच्या आसपास फोटो पुन्हा छापून यायचा. खाली लिहिलेलं असायचं, पतीप्रेमाने व्याकूळ पत्नी. थोरली ते वाचून मनात म्हणायची, व्याकूळ कसली, रोज ताटं आपटत होती. प्रेम बघायचं होतं तर माझ्याकडे यायचं होतं. मग स्वतःचीच लाज वाटायची, पण लाज वाटून कुणाचं जळणं थांबलंय का?

सगळ्यात जास्त खुपायचं ते हे, की आपल्याला वेळेवर रडता आलं नाही. रुग्णालयात जाऊन दोघा भावांना ओळखून आली ती थोरली. सह्या केल्या तिने. धाकटीला आठवडाभर भरवलं तिने. ती रडली ते महिन्याभराने, कारखान्याच्या संडासात, नळ सोडून. तिथे कोण येणार फोटो काढायला?

अशी सहा-सात वर्षं गेली. मालकाला शिक्षा झाली. थोरलीची मुलगी कॉलेजात जाऊ लागली. धाकटी एका शाळेत मदतनीस म्हणून लागली, आणि शाळेच्या बसचा चालक तिच्यासाठी थांबू लागला. चांगला माणूस होता. पण त्याची बहीण अडून बसली. "ती फोटोतली? अरे, सगळ्या गावाने तिला नवऱ्यासाठी तशी रडताना पाहिलंय. लोक आपल्या तोंडात शेण घालतील."

धाकटीने हे येऊन सांगितलं तेव्हा थोरलीने "अगंबाई" म्हटलं आणि भांडी घासायला वळली. आपल्याला बरं वाटतंय हे तिला कळलं, म्हणून ती पातेलं जरा जास्तच घासत राहिली.

त्याच सुमारास फोटोग्राफरचं बोलावणं आलं. त्याच्या जन्मभराच्या कामाचं प्रदर्शन होतं आणि हा फोटो भिंतभर मोठा करून लावणार होते. धाकटीने दोन दिवस आधी येऊन पाहावं, ही विनंती.

"मी नाही जाणार," धाकटी म्हणाली. "तुम्हाला जायचं तर जा, वहिनी."

थोरली अर्धी सुट्टी टाकून गेली. दालनात अजून शिड्या उभ्या होत्या. फोटो खरंच भिंतभर होता, आणि तिची बोटं तिच्या हाताएवढी लांब झाली होती. फोटोग्राफर पिकलेल्या केसांचा, हळू बोलणारा माणूस होता. तिने त्याला बोटं दाखवली. "ही माझी."

त्याने भिंतीवरच्या बोटांवरून नजर तिच्या हाताकडे आणली. मग म्हणाला, "बसा. तुम्हाला शोधायला हवं होतं मी."

"बाकीची मी कुठे आहे?"

मागच्या खोलीत संगणक होता. त्याने त्या दुपारचे सगळे फोटो काढले आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. चार-पाच फोटोंनंतर ती सापडली, अख्खी. एक हात जावेच्या खांद्यावर, मान वळवून गोदामाच्या मागच्या बाजूला बघणारी. ती रडत नव्हती. तिचा चेहरा उजळलेला होता, हसायच्या बेतात असल्यासारखा.

थोरलीला आठवलं. कुणीतरी पळत येऊन सांगितलं होतं, मागच्या दाराने काहीजण निघालेत म्हणे. हा फोटो त्या क्षणाचा होता.

खुर्चीचा हात धरून ती बसून राहिली. फोटोग्राफरने पाणी आणून दिलं.

"हा मी कधीच छापला नाही," तो म्हणाला. "छापला नाही, पण विसरलोही नाही. तुम्ही म्हणत असाल तर उद्या हाही लावतो. त्याच्याच शेजारी, तेवढाच मोठा."

इतकी वर्षं तिला जे हवं होतं, ते असं ताटात वाढून समोर आलं होतं.

"नको," थोरली म्हणाली. "या बाईला अजून काही माहीत नाही. तिला चारचौघांत कशाला उभं करता?"

त्याने मान हलवली. तिनेच पुढे विचारलं, "मग माझ्या जावेला का उभं केलंत? विचारलं होतंत तिला?"

"तेव्हा विचारायची वेळ नव्हती."

"आणि नंतर? सहा-सात वर्षांत नाही आली वेळ?"

"त्या फोटोमुळे मालक आत गेला, बाई," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "लोक पेटून उठले. नाहीतर दोन ओळींची बातमी आली असती. हे मी स्वतःला रोज सांगतो."

ते खोटं नव्हतं, हे थोरलीला माहीत होतं. "असेल," ती म्हणाली. "तरी एकदा येऊन विचारा. घर तुम्हाला माहीतच आहे."

तो दुसऱ्याच दिवशी आला. थोरली आत चहा टाकत होती. बाहेर त्याने फोटोचं विचारलं तेव्हा धाकटीने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "काढून टाका तो. सकाळी निघताना मी त्यांना म्हणाले होते, पुन्हा तोंड दाखवू नका. मी रडत होते ते त्या बोलण्याचं. लोक येतात आणि म्हणतात, काय प्रेम होतं हो बाईचं. इतकी वर्षं मी मान डोलावतेय."

आत चहा उतू गेला. थोरली गॅस बंद करून तशीच उभी राहिली. पतीप्रेमाने व्याकूळ ही ओळ आपल्यालाच टोचते, असं तिला वाटत आलं होतं.

फोटोग्राफरने ऐकलं, प्रदर्शन उघडायच्या आधी फोटो उतरवला. "पण वर्तमानपत्रांवर माझा हक्क नाही," हे त्याने आधीच सांगितलं होतं, आणि तसंच झालं. फोटो अजूनही अधूनमधून येतो. स्वतःचा फोटो मात्र थोरलीने त्याच्याकडे मागितला नाही, आणि त्याबद्दल घरात कुणाला सांगितलंही नाही.

बसचालकाच्या बहिणीकडे थोरली स्वतः गेली. दोघींचं बोलणं काय झालं कुणास ठाऊक, पण बहीण नरमली. सही करून लग्न झालं. साक्षीदार म्हणून थोरलीने सही केली आणि घरी येऊन मुलीला म्हणाली, "गेली एकदाची." त्यानंतर चार दिवस तिला भिंतीपलीकडची शांतता सोसवेना.

धाकटी रविवारी येते. निघताना नवरा खाली येऊन उभा राहतो, तिच्या हातातली पिशवी घेतो. थोरली खिडकीतून बघते आणि तिच्या पोटात अजूनही दुखतं.

"आई, काकूचा हेवा वाटतो का गं तुला?" मुलीने एकदा विचारलं.

"वाटतो की," थोरली म्हणाली. "पण जावेला जावेचा वाटावा तेवढाच. आधी फार वाटायचा."