एकशे बारावा प्रेक्षक

हडपसरच्या मैदानावर मी एकाच चहावाल्याला तीनदा मोजलं. तो किटली घेऊन मैदानाभोवती फिरत होता आणि मी एका जागी उभा राहून समोरून जाईल त्याला मोजणीत धरत होतो. चौथ्यांदा आला तेव्हा त्यानंच विचारलं, "काका, च्या पायजे का नुसतंच बोट दाखवताय?"

आमचा कसब्यातला क्लब आणि त्यांचा हडपसरचा, दोघांच्याही मुलींचे फुटबॉल संघ यंदा फायनलला पोचले होते. फायनल कुणाच्या मैदानावर, यावर भांडून झाल्यावर ठरलं, की ज्यांच्या घरच्या शेवटच्या सामन्याला जास्त प्रेक्षक, त्यांच्याकडे. बरोबरी झाली तर हडपसरला, कारण तिथे बसायला पायऱ्या आहेत. आमच्याकडे शाळेच्या कंपाउंडची भिंत. आमच्या बाजूनं मोजायला मला नेमलं. माझी मुलगी संघात बचावाला खेळते, आणि मी गणित शिकवतो म्हणजे मला मोजता येत असणार, असा लोकांचा समज.

हडपसरच्या बाजूनं पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ होते. ते म्हणाले, "सर, च्यावाला तीनदा धरला व्हय? मंग आमची म्हसरं बी धरा की."

ओशाळलेला मास्तर करतो तेच मी केलं. नियम काढला. ज्याचं तोंड खेळाकडे, तो प्रेक्षक. पाठ असेल तर धरायचा नाही. गृहस्थांनी मान डोलावली, खेळाकडे तोंड वळवून स्वतःलाही धरलं, आणि दोघांनी मिळून पुन्हा मोजलं. एकशे अकरा.

पुढच्या रविवारी सामना आमच्याकडे. घरातून निघताना मुलगी म्हणाली, "बाबा, आज तरी मोबाइलमध्ये बघत बसू नकोस हं. माझा खेळ बघ."

"मोबाइल खिशातून काढणार नाही," मी म्हणालो, आणि शब्द पाळला.

मैदानाच्या कडेला आम्ही दोघं मोजणारे गर्दीकडे तोंड करून उभे राहिलो. भिंतीवर माझी बायको बसली होती, ती धरली. समोरच्या सोसायटीच्या गॅलरीत एक काकू मटार सोलत होत्या. त्या धरायच्या का, यावर पाच मिनिटं वाद झाला. तोंड खेळाकडे होतं, धरल्या. नव्वदच्या पुढे गेलो आणि एकदम आरडाओरडा. सगळे उठून नाचायलाच लागले.

"अहो, बसा जरा! आकडा चुकतोय!" मी ओरडलो. पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी दोघांचाही आकडा आला एकशे अकरा. म्हणजे फायनल हडपसरला. माझा चेहरा पडला, आणि तेवढ्यात सुचलं.

"मी राहिलो की! तुमच्याकडे तुम्ही स्वतःला धरलं होतंत."

गृहस्थांनी मला खालून वर न्याहाळलं. "घ्या धरून. तुमी बी माणूसच हाय."

घरी येऊन चपला काढता काढता मी बायकोला सांगितलं, "एकशे बारा! फायनल आपल्याकडे!"

"आणि गोल?"

"कसला गोल?"

तिनं बाथरूमकडे बोट दाखवलं. चार वर्षांत पहिल्यांदा आमच्या मुलीनं गोल मारला होता. त्या आरडाओरड्याचं कारण तेच, आणि मी लोकांना खाली बसवत होतो. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता आणि त्याच्यावर ताण करून मुलीचं गाणं.

"तोंड खेळाकडे, तो प्रेक्षक. नियम तुमचाच ना?" बायको म्हणाली. "मग एकशे अकराच. फोन करा त्यांना."

मी मोबाइल काढला. आत पाणी बंद झालं.

"आधी ऐका," बायको आवाज खाली आणत म्हणाली. "कॉर्नरवरून आलेला चेंडू, डाव्या पायानं. ती विचारायच्या आत तुम्हीच कबूल करा, की बघितला नाही, आईकडून कळला. आणि हडपसरला पायरीवर माझ्या शेजारी बसायचं. तोंड पुढे करून."