वाटीभर वाल

गॅलरीतल्या वालाच्या शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या, असं मी ठरवलं होतं. शेंगा हिरव्या होत्या तेव्हा आमचे हे रोज विचारायचे, "आज भाजी करू या का?" मी रोज नाही म्हणायचे.

आज सकाळी एक शेंग हातात घेतली, तर ती चक्क खुळखुळली! अंगठ्याने दाबताच तटकन उकलली आणि दाणे फरशीवर उडाले. हे गुडघेदुखी विसरून खाली बसले आणि कुंड्यांमागे हात घालून एकेक दाणा शोधू लागले. बाजारातून किलोने वाल आणताना आम्ही एका दाण्यासाठी कधी वाकलो होतो?

सोलता सोलता वाटी भरली.

"बिरड्यासाठी भिजत घालते," मी उतावळेपणाने म्हटलं.

यांनी वाटीवर हात ठेवला. "थांब गं, आधी बियाण्याचे बाजूला काढू."