पडलेल्या खोडांची माफी

पेठची एसटी नाशिकमधून निघाली तेव्हा माझ्या मांडीवर पेढ्यांचा पुडा होता. मी निघालो होतो माफी मागायला.

अंबडच्या कारखान्यात मी तीस वर्षं लाकडी खोकी ठोकली. लाकूड पोखरणारा भुंगा म्हणजे माझा हाडवैरी. तीन वर्षांपूर्वी कामावरचा जोडीदार काशिनाथ मला पेठकडच्या आपल्या गावी घेऊन गेला. तिथल्या वन समितीच्या बैठकीत मी आगाऊपणे भाषण ठोकलं. पडलेली खोडं किडतात, ती कीड उभ्या झाडांना लागते, सगळं साफ करा! सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टरही आला.

निवृत्तीनंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं, की मेलेल्या लाकडातले बहुतेक भुंगे धडधाकट झाडाच्या वाटेला जातच नाहीत. ते लाकडाची माती करतात, त्यांच्या अळ्यांवर पाखरं जगतात. म्हणजे मी अख्ख्या जंगलाच्या तोंडचा घास काढला होता. झोपच उडाली हो माझी.

सावळघाट ओलांडला आणि जरा बरं वाटलं. भादव्यातले डोंगर तेरड्याने गुलाबी झाले होते, उतारांवर नागली (नाचणी) डोलत होती. फाट्यावर काशिनाथ उभाच होता. घरी नागलीची भाकरी, उडदाची आमटी, लसणाचा ठेचा. माफी मागायला आलेल्या माणसाने इतकं जेवू नये, पण तीन भाकऱ्या कधी गेल्या कळलंच नाही.

काशिनाथची चुलती सोमीबाई समितीच्या अध्यक्ष. मी पुडा पुढे केला. "मावशी, माझं चुकलं. मी तुम्हाला भलतंच सांगितलं."

"आधी जंगल दावते, चला," त्या म्हणाल्या.

रस्त्याकडेचा उतार झाडून काढल्यासारखा स्वच्छ होता. माझा चेहराच उतरला. पुढे ओढ्यात शेवाळावरून पाय सटकला आणि मी बदकन पाण्यात बसलो. बाई पदर तोंडाला लावून हसल्या.

पलीकडे चढून गेलो आणि थबकलोच. जिकडे तिकडे पडलेली खोडं! ऐनाच्या एका भल्यामोठ्या आडव्या खोडावर हिरवा झगझगीत सोनकिडा बसला होता. शेजारी दुसरा लाकूडपोखरा भुंगा, त्याच्या मिशा अंगापेक्षा लांब. जन्मभराच्या वैऱ्याला मी हात जोडले.

"मावशी, हे राहिलं कसं?"

"आमचा नेम हाय. बाईच्या डोक्यावर बसंल तेवढं जळण तिचं. जे तोडाया कुऱ्हाड लागंल, ते जंगलाचं."

"मग तेव्हाच का नाही बोललात? माना कशाला डोलावल्या?"

"तुम्ही पाव्हणे. पाव्हण्याला तोंडावर नाय कसं म्हनायचं? तुम्हाला दिसंल तेवढा रस्त्याकडचा तुकडा केला साफ. तुम्ही गेलात, ट्रॅक्टर माघारी धाडला."

आमच्या मागोमाग आलेला काशिनाथ खाली मान घालून हसत होता. लबाडाला सगळं ठाऊक होतं! मी तिथेच ओल्या कपड्यांनी दगडावर बसलो आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग तिघांनी मिळून पेढे संपवले.

संध्याकाळी घरी पोचलो. बायको दारातच म्हणाली, "केलं का माफ त्यांनी?"

"अगं, त्यांनी माझं ऐकलंच नव्हतं!"

"शहाणी माणसं," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

माझं कुणी ऐकलं नाही याचा एवढा आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता.